सलाम चर्चिलला, मत मजूर पक्षाला

निवडणूक तोंडावर आली की आपल्याकडे चहाच्या टपरीवर, मशिदीबाहेरच्या कट्ट्यावर एकच प्रश्न फिरू लागतो : 'ते ठीक आहे हो, पण त्यांच्यासमोर आहे कोण?' घरपट्टी, शाळा, दवाखाना, पोरांच्या नोकऱ्या हे सगळे विषय या एका प्रश्नापुढे गप्प होतात. नेत्याची उंची मोजली जाते, आवाज मोजला जातो आणि बहस संपते. आपल्या समाजात तर या प्रश्नाला आणखी एक शेपूट असतं, 'आपला रहनुमा कोण?'

हा प्रश्न १९४५च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या मतदारांसमोरही होता, आणि तोही अत्यंत कठीण रूपात. एका बाजूला विन्स्टन चर्चिल, महायुद्ध जिंकून देणारे पंतप्रधान. दुसऱ्या बाजूला क्लेमंट ॲटली, टक्कल पडलेले, मितभाषी, भाषणात रंग न भरणारे गृहस्थ. उंचीच मोजायची असती तर मतदान घेण्याची गरजच नव्हती. तरीही निकाल उलटा लागला. तो का लागला, हे आपण नीट समजून घेतलं पाहिजे असं मला वाटतं.

ब्रिटनमध्ये दहा वर्षं सार्वत्रिक निवडणूक झाली नव्हती. १९३५नंतर थेट १९४५. मे १९४०पासून हुजूर पक्ष, मजूर पक्ष आणि लिबरल यांचं संयुक्त सरकार होतं. चर्चिल पंतप्रधान आणि ॲटली उपपंतप्रधान. ८ मे १९४५ला युरोपातलं युद्ध संपलं आणि त्याच महिन्यात ही आघाडी मोडली. मतदानाची तारीख ठरली ५ जुलै.

त्या मे महिन्यात गॅलपच्या पाहणीत ८३ टक्के लोकांनी चर्चिल यांच्या कामाला पसंती दिली होती. हुजूर पक्षाने मग या एका नावावरच सगळा डाव लावला. त्यांच्या जाहीरनाम्याला पक्षाचं नाव नव्हतं. तो होता 'मिस्टर चर्चिल यांचं मतदारांना निवेदन'. भिंतींवर चर्चिल यांचे चेहरे लागले, आणि खाली आवाहन होतं की हाती घेतलेलं काम पूर्ण करायला यांना साथ द्या. मजूर पक्षाच्या जाहीरनाम्याचं नाव होतं 'चला, भविष्याला सामोरे जाऊ'. दोन पक्षांच्या प्रचारातला फरक या दोन नावांतच दिसतो.

ॲटली म्हणजे मजुराच्या घरातून आलेला पुढारी अशी आपली समजूत असेल तर ती बरोबर नाही. ते वकिलाचे पुत्र, ऑक्सफर्डचे पदवीधर. ज्या हेलिबरी शाळेत ते शिकले, तिच्या जागेवर पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीचं कॉलेज होतं. हिंदुस्थानावर राज्य करणारे अधिकारी तिथे तयार व्हायचे. पण १९०५पासून ते पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत पोरांच्या क्लबात काम करू लागले आणि त्यांचं आयुष्य बदललं. पुढे १९२२पासून ते लाइमहाउसचे खासदार. लाइमहाउस म्हणजे गोदीचा भाग. बोटींवरचे हिंदुस्थानी लष्कर, म्हणजे खलाशी, याच परिसरात उतरायचे. आपल्या रत्नागिरीकडची कोकणी मुस्लिम माणसंही त्यांच्यात असत.

मुंबईने तर ॲटली यांना त्याआधीच पाहिलं होतं. ३ फेब्रुवारी १९२८ला सायमन कमिशन मुंबईत उतरलं. त्याच्या सात सदस्यांपैकी एक होते ॲटली. त्यांच्या स्वागताला काळे झेंडे आणि 'सायमन गो बॅक'ची घोषणा होती. ती घोषणा देणारा तरुण होता युसुफ मेहेरअली. पुढे १९४२मध्ये तो मुंबईचा महापौर झाला आणि 'क्विट इंडिया' हे शब्दही त्याचेच मानले जातात. ज्याला आम्ही गोदीवरूनच परत जा म्हटलं, तोच माणूस एकोणीस वर्षांनी ब्रिटनचा पंतप्रधान म्हणून हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा कायदा संमत करून घेणार होता. इतिहास असाही फिरतो.

आता प्रचाराकडे येऊ. ४ जूनला चर्चिल यांनी रेडिओवर पहिलं भाषण केलं. समाजवादी सरकार आलं तर त्याला गेस्टापोसारखी यंत्रणा वापरावी लागेल, असं ते बोलून गेले. हिटलरचे अत्याचार नुकतेच उघडे पडत होते, आणि ज्यांच्यावर हा आरोप झाला ते पाच वर्षं त्यांच्याच मंत्रिमंडळात शेजारी बसले होते. लोक चमकले. दुसऱ्या दिवशी ॲटली रेडिओवर आले. त्यांनी आवाज चढवला नाही. उलट पंतप्रधानांचे उपहासाने आभार मानले. युद्धकाळातला सगळ्या राष्ट्राचा नेता चर्चिल वेगळा आणि हुजूर पक्षाचा नेता चर्चिल वेगळा, हे त्यांनी स्वतःच मतदारांना दाखवून दिलं, अशा अर्थाचं ते बोलले. माझ्या मते अख्ख्या निवडणुकीचं मर्म या उत्तरात आहे. ॲटली यांनी चर्चिल यांना छोटं केलं नाही. त्यांनी एका प्रश्नाचे दोन प्रश्न केले. युद्ध कोणी जिंकून दिलं, हा एक. उद्या घर कोण बांधणार, हा दुसरा.

मतदारांमध्ये ही बहस आधीपासून चालूच होती. सैन्यात १९४१पासून जवानांसाठी चालू घडामोडींवर चर्चेचे तास भरत. डिसेंबर १९४२मध्ये बेव्हरिज अहवाल आला. दारिद्र्य, रोग, अज्ञान, गलिच्छ वस्ती आणि बेकारी हे पाच राक्षस संपवायचे, त्यासाठी सर्वांना विमा आणि आरोग्यसेवा द्यायची, अशी त्याची मांडणी. सरकारी अहवाल असूनही तो लाखोंनी खपला. जवानांच्या चर्चेसाठी त्याची पुस्तिका काढण्यात आली, तेव्हा युद्ध खात्याने ती मागे घेतली. अहवालावर चर्चिल यांच्या सरकारने हात आखडता घेतलेला लोकांनी पाहिला.

त्यांना जुन्या गोष्टीही आठवत होत्या. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा, १९१८मध्ये, वीरांना शोभेल असा देश घडवू असं वचन लॉइड जॉर्ज यांनी दिलं होतं. तेही युद्ध जिंकणारे पंतप्रधान. पण वीर परतले आणि रोजगार विनिमय केंद्रांसमोर रांगेत उभे राहिले. १९३०च्या दशकात बेकारांचा आकडा तीस लाखांच्या आसपास पोचला. ज्या बापाने ती रांग पाहिली, त्याचा मुलगा आता वर्दीत होता. बॉम्बहल्ल्यांत घरं गेली होती, नवी जोडपी सासरच्या एका खोलीत राहत होती. अशा माणसाला चर्चिल यांच्याबद्दल आदर नव्हता असं नाही. त्याने आदर आणि मत वेगळं ठेवलं.

म्हणून त्या प्रचारात एक चमत्कारिक दृश्य दिसतं. चर्चिल यांचा ताफा जाई तिथे लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून जल्लोष करत. त्यातले कित्येक मजूर पक्षालाच मत देणार होते. 'चर्चिलचा जयजयकार करा, मत मजूर पक्षाला द्या' अशी घोषणाच तेव्हा चालत होती. ॲटली मात्र आपल्या घरच्या छोट्या गाडीतून फिरत. गाडी त्यांच्या पत्नी चालवत. चर्चिल यांच्या वुडफर्ड मतदारसंघात मजूर आणि लिबरल पक्षांनी मान राखून उमेदवारच दिला नव्हता. तरी तिथल्या एका अनोळखी अपक्षाला दहा हजारांहून जास्त मतं पडली.

मतदान ५ जुलैला झालं, पण परदेशातल्या जवानांची मतं यायची म्हणून मतपेट्या तीन आठवडे बंद राहिल्या. २६ जुलैला त्या उघडल्या. मजूर पक्ष ३९३ जागा. हुजूर पक्ष मित्रांसह सव्वादोनशेच्याही आत. त्याच संध्याकाळी चर्चिल यांनी राजीनामा दिला.

आपल्या दृष्टीने या निकालात आणखी एक नोंद आहे. चर्चिल यांचे भारतमंत्री लिओ ॲमरी बर्मिंगहॅमच्या स्पार्कब्रुकमध्ये पडले. मजूर उमेदवाराने त्यांना हरवलं. त्यांच्याविरुद्ध कम्युनिस्टांच्या वतीने उभे होते रजनी पाम दत्त, एका बंगाली डॉक्टरचे चिरंजीव. बंगालच्या १९४३च्या दुष्काळात लाखो माणसं मेली तेव्हा भारतमंत्री ॲमरीच होते. अर्थात स्पार्कब्रुकच्या मतदारांनी बंगालसाठी त्यांना पाडलं, असा दावा मी करणार नाही. त्यांना त्यांच्या घराची आणि पगाराची चिंता होती, आणि ती असण्यात गैर काही नाही.

आता थोडं इकडे वळू. ब्रिटनच्या मतपेट्या बंद होत्या, त्याच दिवसांत सिमल्यात लॉर्ड वेव्हेल यांची परिषद चालली होती. १४ जुलैला ती फिसकटली. कारण? नव्या कार्यकारिणीत मुसलमान सदस्य कोण नेमणार, हा हक्क एकट्या लीगचा की इतरांचाही. समोर काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून मौलाना आझाद बसले होते, तरीही मुद्दा हाच होता की मुसलमानांचा आवाज कोण. विणकर मोमीन, कोकणातला खलाशी, मराठवाड्यातला शेतमजूर यांच्या पोटाचा प्रश्न त्या टेबलावर आलाच नाही. पाच महिन्यांनी केंद्रीय कायदेमंडळाच्या निवडणुका झाल्या आणि मुसलमानांच्या तीसही राखीव जागा लीगला गेल्या. मतदारसंघ विभक्त होते आणि मताचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण पाहून दिलेला. ज्यांच्यावर फाळणीचा घाव बसला, त्यांतल्या बहुतेकांना मतच नव्हतं. म्हणून मी त्या निकालाचा ठपका आम मुसलमानांवर ठेवत नाही. पण प्रश्न कसा विचारला गेला, याची किंमत मात्र त्यांनीच मोजली.

ब्रिटिश मतदारांना फार शहाणं ठरवायचीही गरज नाही. ज्या सरकारला त्यांनी निवडलं, त्याच सरकारच्या घाईत पंजाब आणि बंगाल चिरले गेले. आणि १९५१मध्ये त्याच ब्रिटनने चर्चिल यांना पुन्हा पंतप्रधान केलं. पण तोवर एक गोष्ट पक्की झाली होती. ५ जुलै १९४८ला, मतदानाला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी, मोफत आरोग्यसेवा सुरू झाली. परतलेल्या चर्चिल यांनाही ती मोडता आली नाही. नेते आले, गेले. लोकांनी ज्या कामासाठी मत दिलं होतं, ते टिकलं.

आपण कौम म्हणून नेत्यांवर जीव लावतो. तकरीर आवडली की माणूस आवडतो, माणूस आवडला की सवाल विसरतो. ज्याने आपल्यासाठी काही केलं त्याचे आभार जरूर मानावेत, त्यात कंजुषी नको. पण आभार ही मागच्या कामाची पावती असते, आणि मत हे पुढच्या कामाचं कंत्राट. पावती देतानाच कंत्राटावर सही करायची नसते. पुढच्या वेळी कट्ट्यावर कोणी विचारलं की त्यांच्यासमोर आहे कोण, तर शांतपणे सांगा : समोर आपल्या गल्लीतली बंद पडलेली शाळा आहे, तिचं काय करणार ते आधी बोलू.