ऊसतोड स्थलांतर, जालना जिल्हा
साखर कारखान्यांचा ऊस तोडण्यासाठी कोरडवाहू गावांतून होणारे हंगामी कामगार-स्थलांतर. मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी या तालुक्यांतील कुटुंबे साधारण दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे निघतात (पहा : साखर उद्योग). नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. बाईची मजुरी वेगळी मोजली जात नाही. मुकादम हंगामाआधी उचल देतो, खाडा झाल्यास दंड कापतो (पहा : मुकादम). मोळी डोक्यावर घेऊन बाया फळीवरून ट्रकवर चढतात. कोपीपाशी (तात्पुरत्या झोपडीपाशी) शौचालय बहुधा नसतेच. या बायांच्या आरोग्याची मोजदाद उशिराच झाली : शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये राज्य सरकारच्या नीलम गोऱ्हे समितीला ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. मागे राहणाऱ्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहे चालवली जातात (पहा : साखरशाळा).