गोणपाट शाळेचे, शिकवण घरची

शाळेत एखाद्या मुलाचा छळ झाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले : 'मुलेच ती, चिडवणारच.' दुसरे : 'वस्तीतली मुले, घरचे वळणच तसे.' पहिल्या वाक्याने छळणारा सुटतो, दुसऱ्याने सोसणाराच आरोपी ठरतो. ही दोन्ही वाक्ये खोटी आहेत हे सांगायला आम्हाला परदेशी संशोधनाची गरज वाटत नाही. बाबासाहेबांचे बालपण पुरेसे आहे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. हाच दिवस आता महाराष्ट्रात 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. पण त्या शाळेतील अनुभव काय होता? 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी तो लिहून ठेवला आहे. बसायला वेगळे गोणपाट, तेही रोज घरून न्यायचे आणि परत आणायचे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा. शिपाई नसेल तर पाणी नाही. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना फळ्याजवळ बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे उचलण्यासाठी सवर्ण मुले धावली, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे.

या दोन प्रसंगांत फरक आहे. गोणपाट आणि नळ हा शाळेचा नियम होता. डबे मात्र कोणत्याही मास्तरने उचलायला सांगितले नव्हते. मग आपला डबा 'बाटतो' हे त्या पोरांना कोणी शिकवले? आईच्या पोटातून विटाळ शिकून कोणी येत नाही. तो स्वयंपाकघरात, पाण्याच्या माठापाशी, ओटीवरच्या गप्पांत शिकवला जातो. शाळेतला छळ घरी शिजतो आणि डब्यातून शाळेत येतो.

आता दुसरे घर पाहा. रामजी सुभेदारांचे. भीमाबाई लवकर गेल्या, आत्या मीराबाईंनी मुलांचा सांभाळ केला. साताऱ्यात पैसे देऊनही न्हावी या मुलांचे केस कापत नव्हता, म्हणून थोरली बहीण कापायची आणि त्यात तरबेज झाली होती. बाहेरचा अपमान घरात आला, पण घराने त्याला लाज बनू दिले नाही. मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत मुलाचा अभ्यास व्हावा म्हणून रामजी पहाटे दोनला त्याला उठवत. पुस्तकांसाठी लेकींचे दागिने मागून गहाण ठेवत.

त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. रामजी मुलांना रामायण-महाभारत वाचायला लावत. अस्पृश्य म्हणून मनात येणारा न्यूनगंड जावा, हा त्यांचा हेतू होता; द्रोण आणि कर्ण साध्या स्थितीतून किती वर चढले ते पाहा, असे ते सांगत. बाबासाहेबांना ते पटले नाही आणि त्यांनी ते वडिलांना तोंडावर सांगितले. महाभारतातील पात्रे आपल्याला आवडत नाहीत म्हणाले. कबीरपंथी, शिस्तीच्या सुभेदारांच्या घरात मुलगा बापाशी वाद घालू शकत होता. ज्याला घरात 'का?' विचारता येते, तोच बाहेर अन्यायाला 'का?' विचारतो.

तरीही हे घर डबे उचलणारे हात थांबवू शकले नाही, हे विसरू नका. सोसणाऱ्याचे घर मुलाला मोडू देत नाही, एवढेच ते करू शकते. छळ थांबतो तो छळणाऱ्याच्या घरात आणि शाळेच्या कारभारात. म्हणून 'तुमच्या मुलाला खंबीर करा' एवढा उपदेश करून मोकळे होणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या वस्त्यांत काम करताना आम्हाला आज गोणपाट दिसत नाही. 'पूर्ण नाव काय?' हा प्रश्न दिसतो. 'कोटावाला', 'झोपडपट्टीवाला' हे शब्द ऐकू येतात. ते शब्द टॉवरमधल्या जेवणाच्या टेबलावरून येतात. रोहित वेमुला, डॉ. पायल तडवी यांच्यानंतर चर्चा झाली ती विद्यापीठांची आणि हॉस्पिटलांची. पहिलीच्या वर्गाची कधी होणार?

आणि बांधवांनो, आपल्या घरांचे काय? बाप दारू पिऊन मारतो, तेव्हा मूल एकच गोष्ट शिकते : बळ असेल त्याने मारायचे. ते मूल उद्या आपल्यापेक्षा दुबळा शोधते. काळ्या रंगाची मुलगी, अडखळत बोलणारा मुलगा, दुसऱ्या पोटजातीतले पोर. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली पट्टा, हे एकत्र चालणार नाही. सिगालोवाद सुत्तात आईवडिलांच्या कर्तव्यांत पहिलेच सांगितले आहे : मुलाला पापापासून परावृत्त करणे. ते मारून होत नाही, वागून होते.

काय करावे? मुलाला मार्कांच्या आधी 'आज कोण काय बोलले?' हे विचारा. आडनाव लपवायला शिकवू नका. छळ झाला तर शाळेला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे. राज्यात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदाही आहे. आपलेच मूल छळत असेल, तर त्याची बाजू घेऊन शाळेत भांडू नका. त्या दुसऱ्या मुलाच्या घरी जा.

रामजींनी मुलाला दागिने गहाण ठेवून पुस्तके दिली. आपल्याला तर फक्त तोंडातले शब्द आणि हातातला पट्टा खाली ठेवायचा आहे.

जय भीम!