परवाना कोणाच्या हाती? अमेरिकेतील एका मंडळाची कुळकथा

अंगमेहनत करणाऱ्याचे भांडवल म्हणजे त्याचे शरीर. कंबर लचकली, खांदा धरला, गुडघा निकामी झाला, की मजुरी बंद. कामगार संघाच्या कचेरीत बसून नुकसानभरपाईचे अर्ज लिहिता लिहिता आम्ही एक गोष्ट पाहत आलो. मोडलेला माणूस पुन्हा कामावर उभा राहतो, तो पुष्कळदा शस्त्रक्रियेनंतर महिनोन्‌महिने त्याचे हातपाय हलवून घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टाच्या मेहनतीमुळे. तेव्हा साहजिकच प्रश्न येतो : हे हात शिकलेले आहेत की नाहीत, हे ठरविते कोण? आणि ठरविणाऱ्यावर लक्ष कोणाचे? कॉलेजाची पायरी न चढता आम्ही जे थोडेफार वाचले, त्यांत या प्रश्नाचा बोधप्रद इतिहास आम्हांस अमेरिकेत सापडला. तोच आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

अमेरिकेत वैद्यकादी धंद्यांचे परवाने केंद्र सरकार देत नाही. प्रत्येक राज्य आपापले देते. राज्यांच्या या अधिकारावर तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८८९ साली शिक्कामोर्तब केले. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात फ्रँक डेंट नावाचा वैद्य काही वर्षे रोगी तपाशीत होता. राज्याच्या आरोग्य मंडळाने त्याची पदविका मान्य केली नाही, आणि परवान्यावाचून धंदा केल्याबद्दल त्यास पन्नास डॉलर दंड झाला. न्यायालयाने दंड कायम केला; पण एक मर्यादाही घालून दिली. मागितलेली पात्रता त्या धंद्याशी संबंधित असली पाहिजे आणि वाजवी अभ्यासाने कोणासही ती मिळविता आली पाहिजे. म्हणजे दार असावे, त्यास कडीही असावी, पण कडी सर्वांच्या हातास लागेल अशी असावी. पुढील सगळा झगडा या एका वाक्याभोवती फिरतो.

आपण ज्यास फिजिओथेरपिस्ट म्हणतो, त्यास अमेरिकेत फिजिकल थेरपिस्ट म्हणतात. पेन्सिल्व्हेनिया राज्याने १९१३ साली आणि न्यूयॉर्कने १९२६ साली या कामासाठी परवान्याचे कायदे केले. पण धंदा खरा उभा राहिला तो पहिल्या महायुद्धाने. जायबंदी सैनिकांना पुन्हा चालते करण्यासाठी लष्कराने स्त्रियांना शिकवून तयार केले. मेरी मॅकमिलन या १९२१ साली स्थापन झालेल्या त्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पहिल्या अध्यक्षा. ही संघटना आरंभी स्त्रियांचीच होती. पुढे पोलिओच्या साथी आल्या, दुसरे महायुद्ध आले, आणि या हातांवाचून इस्पितळांचे चालेना.

तथापि मान त्यांस सहजासहजी मिळाला नाही. १९३० च्या दशकात त्यांची नोंदवही डॉक्टरांच्या संस्थेकडे होती, आणि त्या वहीत त्यांस ‘तंत्रज्ञ’ म्हणत. डॉक्टरची चिठ्ठी असल्यावाचून रोग्यास हात लावावयाचा नाही, असा दंडक होता. म्हणून त्यांनी राज्याच्या परवान्याचा आग्रह धरला. डॉक्टरांच्या मर्जीपेक्षा कायद्याचा कागद बरा! नेब्रास्का राज्याने १९५७ साली चिठ्ठीवाचून उपचार करण्याची मोकळीक प्रथम दिली. आणि पन्नासही राज्यांत ती कोणत्या ना कोणत्या प्रमाणात मिळण्यास २०१५ साल उजाडले. जवळजवळ साठ वर्षे! आठ तासांच्या दिवसासाठी झगडलेल्या वर्गातील माणसास या चिकाटीचे मोल सांगावे लागत नाही.

आता हे मंडळ करते काय, ते पाहू. उदाहरणासाठी कॅलिफोर्निया घ्या. तेथील फिजिकल थेरपी मंडळावर सात सभासद : चार थेरपिस्ट, आणि तीन ‘लोकांचे सभासद’, म्हणजे ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही अशी माणसे. मुदत चार वर्षांची. उमेदवाराने राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण केली की नाही हे पाहणे, परवाने देणे व त्यांचे नूतनीकरण करणे, तक्रारी ऐकणे, ही त्यांची कामे. दिलेल्याच नाहीत अशा उपचारांची बिले कोणी लावली, न शिकलेल्या मदतनिसावर रोगी सोपविला, कोणी रोग्याच्या अंगाशी गैरवर्तन केले, तर त्याचा निवाडा या मेजावर होतो. एका सहीने माणसाची पोटाची भाकरी जाते; आणि सही न केल्यास उद्या दुसरा रोगी त्याच हातांखाली येतो. मंडळावर बसणे म्हणजे मानाची खुर्ची उबविणे नव्हे, ते हे ओझे आहे.

परंतु मेख येथेच आहे. मेजाभोवती बहुसंख्य कोण? धंद्यातलेच! त्यांच्यावाचून चालत नाही, कारण गुडघा चुकीचा वाकविला की बरोबर, हे परक्यास कसे कळावे? पण धंद्यात माणसे थोडी असली की दर टिकतात, हे गणितही त्यांनाच कळते. आम्ही संघटनेची माणसे. हे गणित आम्हांसही पाठ आहे. मात्र आमच्यात आणि मंडळात एक फरक आहे. कामगार संघ मागणी करतो, तेव्हा मेजापलीकडे मालक बसलेला असतो आणि तो नाही म्हणू शकतो. परवाना मंडळ दार लावून घेते, तेव्हा पलीकडची खुर्ची रिकामी असते. ज्याच्या खिशातून पैसे जावयाचे, तो रोगी तेथे नसतोच.

हा धोका काल्पनिक नव्हे. नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या दंतवैद्यक मंडळावर आठांपैकी सहा धंदा करणारे दंतवैद्य होते. दात पांढरे करून देणारे साधे दुकानदार स्वस्तात काम करू लागले, तेव्हा मंडळाने त्यांस काम बंद करण्याची निदान ४७ पत्रे धाडली. मंडळाकडे आलेल्या तक्रारींत इजा झाल्याच्या थोड्या, आणि दुकानदारांचे दर कमी असल्याच्याच जास्त! २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ज्या मंडळात धंदेवाल्यांचा वरचष्मा आहे, त्यावर राज्याची खरी देखरेख नसेल, तर मक्तेदारीविरोधी कायद्यातून त्यास सूट नाही. त्याच राज्यात फिजिकल थेरपिस्टांनी स्नायूंत कोरडी सुई टोचण्याचा उपचार करावा की नाही, यावरून ॲक्युपंक्चरचे मंडळ आणि थेरपिस्टांचे मंडळ कोर्टात भांडले. २०१८ साली निकाल थेरपिस्टांच्या बाजूने लागला. कालपर्यंत डॉक्टरांच्या कुंपणाबाहेर उभे असलेले आज आपल्या कुंपणासाठी कोर्टाची पायरी चढत होते!

हा प्रश्न वाढतच गेला. १९५० च्या दशकात अमेरिकेत राज्याचा परवाना लागणारे कामगार शंभरांत पाचही नव्हते. २०१५ च्या व्हाइट हाउसच्या अहवालानुसार ते चौथ्या हिश्शाहून अधिक झाले. मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ साली, डॉक्टरांचेसुद्धा परवाने नकोतच, असे प्रतिपादन केले. आम्हांस ते पटत नाही. श्रीमंत माणूस चार ठिकाणी चौकशी करून उपचारक निवडील. रोजंदारीवरचा हमाल एकदाच जाईल, आणि हात चुकीचा पडला तर कायमचा घरी बसेल. परवाना हवाच. उपाय आहे तो रिकाम्या खुर्चीत कोणास तरी बसविण्याचा. कॅलिफोर्नियाने परवाना मंडळांवर लोकांचे सभासद नेमण्यास १९६१ साली सुरुवात केली, आणि १९६७ च्या कायद्याने राज्य मंडळांच्या सभा जनतेस खुल्या केल्या.

आपल्याकडे या विद्येचे शिक्षण १९५० च्या दशकात मुंबईस सुरू झाले. आपल्या मुलीमुले अमेरिकेत जाऊन तेथील मंडळांपुढे परीक्षेस बसतात. महाराष्ट्राने २००२ च्या कायद्याने व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांची राज्य परिषद निर्माण केली. संसदेने २०२१ साली अशा सर्व व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. मंडळे आली, ही चांगली गोष्ट झाली. आता आपले काम दोन प्रश्न विचारण्याचे आहे. उपचारास जाताना विचारावे, आपले नाव नोंदवहीत आहे काय? आणि परिषदेच्या सभासदांची यादी पुढे आली की विचारावे, यांत रोग्यांच्या बाजूने बोलणारे किती? पहिला प्रश्न आपल्या लोकांना हळूहळू येऊ लागला आहे. दुसरा विचारणारे या सभागृहातून निघाले, तर पुढच्या यादीत त्याचे उत्तर द्यावेच लागेल.