ईश्वरी तरतूद, ख्रिस्ती धर्मातील

ईश्वरी तरतूद : ईश्वर सृष्टी निर्माण करून तिच्यापासून अलिप्त राहत नाही, तर तिचे सतत पालन करतो व मानवाच्या गरजा आधीच जाणून त्या भागवितो, या ख्रिस्ती श्रद्धेस दिलेली संज्ञा. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातील आकाशातील पाखरे व रानातील फुले यांचे दृष्टांत हा तिचा एक प्रमुख आधार होय. ऑगस्टीन, टॉमस अक्वायनस, कॅल्व्हिन प्रभृतींनी तिची तात्त्विक मांडणी केली. संकटकाळी या श्रद्धेचा व्यवहारात काय अर्थ होतो, हे मात्र तत्त्वचर्चेपेक्षा संस्थांच्या इतिहासातून अधिक उमगते. महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८–५ एप्रिल १९२२) यांनी केडगाव (जि. पुणे) येथे उभारलेले मुक्तिसदन.

रमाबाईंना दुष्काळ ऐकून नव्हे, तर भोगून ठाऊक होता. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई व थोरली बहीण ही एकामागून एक मरण पावली. व्रते, अनुष्ठाने व दानधर्म यांत कुटुंबाजवळचे सारे द्रव्य संपले होते आणि अंगमेहनतीचे काम कोणालाच शिकविलेले नव्हते. दैवतांवरील विश्वास तेथेच डळमळला, असे त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. अन्नाविना आप्त गमावलेल्या या स्त्रीने पुढे दोन दशकांनी ईश्वर अन्न पुरवील या भरवशावर संस्था उभारावी, ही गोष्ट वरवर विसंगत वाटते. १८८३ मध्ये इंग्‍लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तथापि श्रद्धेला ही दिशा त्यानंतर बऱ्याच काळाने मिळाली. जॉर्ज म्यूलर याने ब्रिस्टल येथे १८३६ पासून कोणाकडेही वर्गणी न मागता, केवळ प्रार्थनेच्या बळावर अनाथालये चालविली होती. त्याचा वृत्तांत तसेच चीनमधील मिशनकार्याची हकिकत वाचून असे कार्य भारतातही होऊ शकेल, असे रमाबाईंना वाटू लागले.

कसोटीची वेळ १८९६-९७ च्या दुष्काळात आली. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सु. ३०० मुली व स्त्रिया आणल्या. शारदासदनास (स्थापना १८८९) अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनचे दहा वर्षांचे साहाय्य ठरलेले होते. या नव्या मुलींसाठी मात्र तशी कोणतीच हमी नव्हती. त्याच सुमारास पुण्यात प्लेग पसरला. अशा स्थितीत केडगाव येथील शेतजमिनीवर मुलींची सोय करावी लागली. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आणण्यात आल्या व निवासींची संख्या दीड हजारांवर गेली. उपासमारीने खंगलेल्या कित्येक मुली आश्रयास आल्यावरही दगावल्या. तरतुदीवरील विश्वासाने मृत्यू टळला, असे म्हणण्यास येथे आधार नाही.

या विश्वासाला श्रमांची जोड होती, हे विशेष महत्त्वाचे. विहिरी खणल्या गेल्या, शेती व गुरे राखली गेली; विणकाम, स्वयंपाक, छपाई यांचे शिक्षण मुलींना देण्यात आले. आईवडिलांच्या घरी जे नव्हते, तेच रमाबाईंनी येथे अग्रक्रमाने आणले. द्रव्य मागावयाचे नाही, हा नियम असला, तरी मुक्ती प्रेयर बेल या पत्रिकेतून संस्थेच्या हकिकती परदेशी वाचकांपर्यंत पोहोचत असत. अशी हकिकत ही एक प्रकारे न मागता केलेली मागणीच होती, असे म्हणता येईल. म्यूलरचे वार्षिक अहवालही याला अपवाद नव्हते. साहाय्य कधी व किती येईल याची निश्चिती मात्र नसे, आणि तरीही नव्या मुलींना प्रवेश देणे थांबले नाही. प्रश्न हिशेबाचा होता तसाच धोक्याचाही. कारण साहाय्य न आले, तर उपाशी राहणार होत्या त्या मुलीच.

संस्थेची धुरा पुढे वाहील, असे जिच्याविषयी गृहीत होते, ती एकुलती कन्या मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी निवर्तली. रमाबाई तेव्हा हिब्रू व ग्रीक मूळांवरून संपूर्ण बायबलचे सुबोध मराठीत भाषांतर करीत होत्या. ते काम त्यांनी थांबविले नाही. १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी ते तडीस नेले. केडगावच्याच छापखान्यात छापलेले हे भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील संस्थेचे कार्य अद्यापि चालू आहे.