मामाच्या नावावर गेलेले बक्षीस

शरच्चंद्र चट्टोपाध्याय हे नाव मी पहिल्यांदा वाचले ते आमच्या तालुक्याच्या वाचनालयातल्या एका फाटक्या पुस्तकावर. मामा वरेरकरांचे भाषांतर होते आणि शेवटची काही पाने गळाली होती. आईने ते दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा शेजारच्या काकूंना वेगवेगळा शेवट सांगितला. पुढे नोकरीनिमित्त मी सहा वर्षे कोलकात्यात काढली. ट्रामच्या पाट्या लावता लावता बंगाली वाचायला शिकलो. कॉलेज स्ट्रीटवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात एकदा 'कुंतलीन पुरस्कार' मिळालेल्या कथांचा संग्रह हाती लागला. त्यातल्या 'मंदिर' या कथेपाशी मी जो थांबलो तो अजून पुरता तिथून हललेलो नाही.

कुंतलीन हे केसांना लावायचे तेल. ते काढले हेमेंद्रमोहन बोस यांनी. एच. बोस म्हणून कलकत्त्याला ठाऊक असलेला हा गृहस्थ म्हणजे एक प्रकरणच होते. तेल, अत्तरे, सायकली, मोटारगाड्या, छापखाना आणि फोनोग्राफच्या सिलिंडरवर गाणी भरण्याचा धंदा, असे सगळे त्यांनी करून पाहिले. रवींद्रनाथांचा आवाज सुरुवातीच्या काळात ध्वनिमुद्रित करणाऱ्यांत ते होते. सत्यजित राय यांचे आजोबा उपेंद्रकिशोर यांची बहीण त्यांना दिलेली. म्हणजे घरातच लिहिणारी, चित्रे काढणारी माणसे. तेलाची जाहिरात करायची तर ती कथांतून करावी, हे त्यांना सुचले यात नवल नाही.

१८९६ साली त्यांनी कथास्पर्धा सुरू केली. तिची अट मजेदार होती. कथेत कुंतलीन तेल आणि 'देलखोश' हे अत्तर यांचा उल्लेख हवा, पण कथेच्या सौंदर्याला धक्का लागता कामा नये आणि ती जाहिरात वाटता कामा नये. आजच्या जाहिरात कंपन्या ज्यासाठी लाखो रुपये मोजतात, ते बोसबाबूंनी सव्वाशे वर्षांपूर्वी एका वाक्याच्या नियमात बसवले होते. निवडलेल्या कथांची पुस्तिका दरवर्षी निघे आणि लोक ती आवडीने वाचत.

पहिल्याच वर्षीचे बक्षीस एका निनावी कथेला गेले. 'निरुद्देशेर काहिनी' हे तिचे नाव. कलकत्त्यावर चालून येणारे वादळ एकाएकी नाहीसे होते आणि वेधशाळेतले शास्त्रज्ञ चक्रावतात. उलगडा असा की बोटीवरच्या एका प्रवाशाने केशतेलाची बाटली खवळलेल्या समुद्रात ओतलेली असते. तेलाने पाण्याचा पृष्ठभाग शांत होतो, हे विज्ञान त्यामागे. लेखक होते जगदीशचंद्र बोस. तोवर विद्युत्‌लहरींवरच्या प्रयोगांनी त्यांचे नाव झालेले होते, तरी कथेवर त्यांनी ते घातले नाही.

इथे मराठी वाचकाला दुसरी एक गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. आद्याक्षरे उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाताईंच्या हाताने उतरवून पाठवली होती. मोठ्या नावाच्या माणसाला स्पर्धेत उतरताना नाव खुंटीला टांगून ठेवावेसे वाटते, हे समजण्याजोगे आहे. नावामुळे बक्षीस मिळाले असे कुणी म्हणू नये, एवढाच हेतू. पण ज्याला नावच नाही त्याने ते का लपवावे? शरच्चंद्रांच्या बाबतीत मला छळणारा प्रश्न हा होता.

त्यासाठी थोडे मागे, भागलपूरला जावे लागते. शरच्चंद्रांचा जन्म १८७६ चा, हुगळी जिल्ह्यातल्या देवानंदपूरचा. पण बालपणाचा मोठा भाग गेला बिहारमधल्या भागलपूरला, आजोळी. वडील मतिलाल हे नोकरीत न टिकणारे, स्वप्नाळू गृहस्थ. त्यांनी कथा, कादंबऱ्या, नाटके, कविता सगळ्याला हात घातला आणि काहीही पुरे केले नाही. त्या अपुऱ्या वह्या मुलगा पुन्हा पुन्हा वाची आणि याचा शेवट काय झाला असता, या विचारात रात्री जागून काढी. हे शरच्चंद्रांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. वडिलांच्या मोडक्या कपाटातून 'हरिदासेर गुप्तकथा' काढून चोरून वाचल्याचेही त्यांनी सांगितले आहे. शाळकरी मुलांनी वाचू नये अशी ती गोष्ट होती. पुढे बंकिमचंद्र आले, रवींद्रनाथ आले. इंग्रजीतून डिकन्स आला आणि मिसेस हेन्री वुड, मारी कोरेली याही आल्या. शेवटच्या दोघींना वाङ्मयाच्या इतिहासात फारशी जागा कुणी देत नाही. पण त्या काळी घरोघर रडत रडत वाचल्या जाणाऱ्या या लेखिका होत्या, आणि प्रेमात हरलेल्या माणसांवर कादंबऱ्या लिहिणाऱ्याने त्यांच्यापासून पुष्कळ उचलले असणार, असे माझे मत आहे.

भागलपूरला त्यांनी मित्र आणि मामा मंडळींची एक साहित्यसभा जमवली. मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ, नात्याने वडील पण वावरायला सवंगडी. 'छाया' नावाचे हस्तलिखित मासिक निघे. प्रत्येकाने लिहावे, इतरांनी वाचावे आणि तोंडावर बोलावे. मित्राची बहीण निरुपमा बालविधवा होती. तिला बैठकीला येता येत नसे, म्हणून तिचे लेखन भावाच्या हातून येई आणि अभिप्राय त्याच वाटेने परत जाई. ही मुलगी पुढे 'दिदी'सारखी कादंबरी लिहून बंगालीत नावारूपाला आली. 'देवदास', 'बडदिदी', 'चंद्रनाथ', 'काशीनाथ' यांचे पहिले खर्डे याच काळातले. बंगालच्या घराघरांत पुढे ज्या प्रेमकथांनी अश्रू काढले, त्या तेव्हा एका गावातल्या दहाबारा पोरांच्या वह्यांत पडून होत्या. त्या छापाव्यात असे त्यांच्या लेखकाला वाटत नव्हते. आई १८९५ मध्ये गेली. परीक्षेच्या फीचे पैसे उभे राहिले नाहीत, म्हणून कॉलेज सुटले. अशा घरातला मुलगा मासिकांची दारे ठोठावत का हिंडला नाही, हे मला कळत नाही. बहुधा सभेत वाचून दाखवले की त्याचे समाधान होत असावे.

१९०२ च्या अखेरीस शरच्चंद्र कलकत्त्यात, भवानीपूरला एका वकील मामाकडे राहून कोर्टाच्या हिंदी कागदांचे इंग्रजी भाषांतर करत होते. नशीब काढायला रंगूनला जायचे ठरत आले होते. निघण्याच्या सुमारास मामांपैकी एकाने आग्रह धरला की कुंतलीनच्या स्पर्धेला कथा पाठवच. त्यांनी 'मंदिर' लिहिली आणि लेखक म्हणून नाव घातले दुसऱ्याच मामाचे, सुरेंद्रनाथ गंगोपाध्याय यांचे. कथा गेली आणि जानेवारी १९०३ मध्ये लेखकही बोटीत बसून ब्रह्मदेशाला गेला.

'मंदिर'ची नायिका अपर्णा ही जमीनदाराची मुलगी. तिचा सगळा जीव घरच्या देवळात. लग्न होऊन सासरी गेली तरी मन देवळातच राहिले. नवरा तिला हौसेने सुगंधी द्रव्यांची भेट आणतो, तिला त्याचे काही नसते. दोघांत अंतर पडत जाते आणि तो मरतो. विधवा होऊन ती माहेरी, देवळापाशी परत येते. तिथला तरुण, अशक्त पुजारी मनात काय आहे ते बोलू शकत नाही, तोही तिच्यासाठी अत्तर घेऊन येतो. ती संतापून ते फेकून देते. तोही मरतो. मग ती फेकलेली बाटली शोधून आणते आणि आपल्याला घेता आले नाही ते तूच घे, अशा अर्थाचे बोलून देवापुढे ठेवते.

स्पर्धेची अट इथे पुन्हा आठवावी. अत्तराचा उल्लेख हवा, पण जाहिरात वाटता कामा नये. या कथेत अत्तर दोनदा येते आणि दोन्हीदा नाकारले जाते. अत्तर विकणाऱ्याच्या स्पर्धेत अशी कथा पाठवणे हा खोडसाळपणा म्हणावा की धाडस, मी ठरवू शकलेलो नाही. अटीतून वाट काढता काढता त्या लेखकाला त्याचा आयुष्यभराचा विषय सापडला, हे मात्र मला स्पष्ट दिसते. हातात आणलेली वस्तू, ती पुढे करणारा भित्रा माणूस, ती न घेणारी बाई आणि मग उशिरा आलेले कळणे. 'देवदास' वाचलेल्याला हे ओळखीचे वाटेल.

परीक्षक होते जलधर सेन. सुमारे दीडशे कथांतून त्यांनी 'मंदिर' पहिली काढली. बक्षीस सुरेंद्रनाथांच्या नावावर जाहीर झाले तेव्हा खरा विजेता समुद्रापार होता.

नाव का लपवले? तेलाच्या जाहिरातीशी नाव जोडायची लाज वाटली असेल, असे एक स्पष्टीकरण देता येईल. मला ते पटत नाही. त्या पुस्तिकेत मानकुमारी बसूंसारखी नावाजलेली कवयित्री बक्षीस घेत होती, लाज वाटण्यासारखे त्यात काही नव्हते. भागलपूरच्या सभेत शरच्चंद्र हे गुरुस्थानी होते. शिष्यांच्या आग्रहाने गुरू स्पर्धेला बसला आणि उत्तेजनार्थसुद्धा आला नाही, तर? मला वाटते भीती ती होती. हरलो तर मामा हरेल. जिंकलो तर काय, याचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही.

आणि जिंकल्यावर काय झाले? काहीच नाही. एखादा नवोदित या यशाने पेटून उठला असता. रंगूनला हिशेब खात्यात कारकुनी करणाऱ्या या माणसाने वर्षानुवर्षे छापण्यासाठी काही पाठवले नाही. वाचन मात्र अफाट चालले होते. बर्नार्ड फ्री लायब्ररीतून समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान अशी पुस्तके घरी येत. १९०७ मध्ये कलकत्त्याच्या मित्रांनी वहीतली 'बडदिदी' त्यांना न विचारताच 'भारती' मासिकात छापली. सुरुवातीला लेखकाचे नाव नव्हते. लोक म्हणाले, हे रवींद्रनाथांचेच. म्हणजे पुन्हा एकदा यश आले आणि तेही दुसऱ्याच्या नावावर जमा झाले.

फेब्रुवारी १९१२ मध्ये रंगूनचे लाकडी घर जळाले. जमवलेली पुस्तके गेली, रंगवलेली चित्रे गेली, 'चरित्रहीन'चे हस्तलिखित गेले. ते त्यांनी पुन्हा लिहायला घेतले. पुढच्याच वर्षी 'यमुना' मासिकात 'रामेर सुमति' आली आणि मग लेखणी थांबली नाही. तरी नावांचा खेळ सुटला नव्हता. 'यमुना'तच त्यांनी मोठ्या बहिणीचे, अनिलादेवीचे नाव घेऊन 'नारीर मूल्य' लिहिले. 'चरित्रहीन' 'भारतवर्ष'च्या मंडळींना अनीतिमान वाटली आणि परत आली. १९१६ मध्ये 'श्रीकांत' जेव्हा 'भारतवर्ष'मध्ये सुरू झाली, तेव्हा लेखक म्हणून नाव छापले होते श्रीश्रीकांत शर्मा. त्या वेळी 'भारतवर्ष'चे संपादक होते जलधर सेन, तेरा वर्षांपूर्वी दीडशेतून 'मंदिर' निवडणारे.

हे सगळे दिवाळी अंकात का सांगतो आहे, तर दिवाळी अंकाचे मूळही बंगालीच्या वाऱ्यातले आहे म्हणून. १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढणारे काशिनाथ रघुनाथ मित्र हे मूळचे आजगावकर. बंगाली साहित्याच्या ओढीने त्यांनी 'मित्र' हे नाव लावले. तेव्हापासून आपल्याकडे दिवाळीच्या अंकांनी कथा मागवल्या, पुढे स्पर्धा लावल्या, आणि गावोगावच्या माणसांनी फुलस्केपच्या एकाच बाजूला लिहून त्या पाठवल्या.

त्यांत माझी आई होती. ते मला फार उशिरा कळले. शेवट जुळवण्याची सवय असलेली ही बाई एका दुपारी स्वतःची गोष्ट लिहून बसली होती. घरच्या सुनेचे नाव पाकिटावर बरे दिसणार नाही म्हणून तिने धाकट्या काकांचे नाव घातले. काकांना विचारून घातले. उत्तेजनार्थ बक्षिसाची मनीऑर्डर आली तेव्हा पोस्टमनसमोर सही काकांनी केली, पैसे आईच्या हातावर ठेवले, आणि दोघेही बराच वेळ हसत होते, असे काकू सांगतात. पुढे तिने लिहिले की नाही, ठाऊक नाही. ट्रंकेत वही सापडली नाही. वाचनालयातून पुस्तके मात्र ती अखेरपर्यंत आणत होती. त्या भाषांतराची पाने भरलेली प्रत मी कोलकात्याहून आल्यावर मिळवून दिली. तिने शेवट वाचला आणि म्हणाली, माझा बरा होता.

'मंदिर' १९१७ मध्ये 'काशीनाथ' या संग्रहात आली, तेव्हा मुखपृष्ठावर शरच्चंद्रांचे नाव होते. मामांची त्याला काही हरकत नव्हती. आईची गोष्ट छापलेला अंक माझ्यापाशी आहे. त्याच्या अनुक्रमणिकेत अजून काकांचेच नाव आहे.