वणवा विझवायला कोण येते?

मराठी माणसाला वणवा नवा नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर फाल्गुन-चैत्रात गवताचे डोंगर पेटलेले आपण लहानपणापासून पाहतो, आणि भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची कोकणातील चालही परिचयाची आहे. परंतु हिमालयातील चीडच्या जंगलाला लागलेली आग ही निराळीच गोष्ट आहे, हे मला कुमाऊंमध्ये नोकरीस आल्यावर कळले. चीडची सुईसारखी पाने मार्चपासून गळू लागतात. तेथे त्यांना पिरूल म्हणतात. पावसाळ्यापर्यंत त्यांचा थर जमिनीवर साचत जातो, आणि त्यात राळेचा अंश असल्यामुळे एक ठिणगीही पुरते. त्यातून पेटलेली चीडफळे उतारावरून गडगडत खाली येतात आणि जेथे थांबतात तेथे नवी आग लावतात. अशा आगीवर पाण्याचा बंब निरुपयोगी, कारण तेथवर रस्ताच नसतो. हिरव्या फांद्यांनी झोडपणे, पिरूल बाजूला ओढून पट्टा मोकळा करणे आणि वारा अनुकूल असेल तर समोरून उलटी आग लावणे, हेच उपाय. तिन्हींना माणसे लागतात, तीही डोंगर ओळखणारी.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यातील एका रात्री अशाच आगीच्या बंदोबस्तासाठी मी एका गावी गेलो होतो. गावाच्या वरच्या अंगाला दोन जंगले लागून होती. एक वनपंचायतीचे, बरेचसे बांजचे. दुसरे राखीव, जवळजवळ सगळे चीडचे. आग राखीव जंगलातून खाली येत होती. गावातील तीस-चाळीस माणसे, त्यांत बहुतेक स्त्रिया, फांद्या घेऊन पंचायतीच्या हद्दीवर उभी होती. त्यांनी पहाटेपर्यंत आग हद्दीच्या आत येऊ दिली नाही. मात्र हद्द ओलांडून वर कोणीही गेले नाही. वर वनखात्याचे चार-पाच माणसांचे पथक एकटेच झुंजत होते. मी आधी विनवले, मग आवाज चढवला. उपयोग झाला नाही. एका वृद्धाने शांतपणे सांगितले, "साहेब, ते जंगल सरकारचे आहे, आणि सरकार तर आलेले आहेच."

मला राग आला होता, हे कबूल केले पाहिजे. परत आल्यावर मी भारतीय वन अधिनियम, १९२७ काढून बसलो. त्याच्या कलम ७९ अन्वये राखीव वा संरक्षित वनात हक्क बजावणाऱ्या प्रत्येकावर आगीची खबर देण्याचे आणि ती विझवण्यास साहाय्य करण्याचे बंधन आहे. नोटिसांचा मसुदा तयार झाला. मग हाताखालच्या एका अनुभवी कर्मचाऱ्याने विचारले की, या गावातील लोक त्या जंगलात नेमका कोणता हक्क बजावतात? नोंदी काढल्या. कागदावर काही हक्क होते; वापरात जवळजवळ एकही उरला नव्हता. कायद्याने कर्तव्य हक्काला बांधलेले होते, आणि हक्क मावळला तेव्हा त्याबरोबर कर्तव्यही गेले. नोटिसा निघाल्या नाहीत. मी मात्र जुने दस्तऐवज वाचू लागलो. त्या हद्दीचा इतिहास, जो मला नोकरीच्या पहिल्या वर्षीच ठाऊक असायला हवा होता, तो तेव्हा कळला.

कुमाऊंतील गावांच्या सीमा कमिशनर ट्रेल याच्या काळात, १८२३ साली नोंदवल्या गेल्या. ते विक्रम संवत १८८० चे वर्ष, म्हणून त्या हद्दीला लोक 'सन अस्सी' ची हद्द म्हणतात. त्या हद्दीतील जंगल आपले, ही गावाची धारणा तेव्हापासून पक्की आहे. १८९३ मध्ये सरकारने न मोजलेली सर्व जमीन संरक्षित वन म्हणून घोषित केली. पुढे १९११ ते १९१७ या काळात सुमारे ३,००० चौरस मैल जंगल राखीव झाले. रेल्वेच्या स्लीपरांसाठी लाकूड हवे होते आणि टर्पेंटाइनसाठी चीडचा लिसा. गुरे कोठे चरावीत, फांद्या किती तोडाव्यात, लाकूड किती न्यावे, यांवर नियम आले. पावसाळ्यानंतर चांगले गवत यावे म्हणून उन्हाळ्यापूर्वी पिरूल जाळण्याची जुनी रीत होती. ती एका फटक्यात गुन्हा ठरली.

याच्या जोडीला बेगार होती. दौऱ्यावरील अधिकाऱ्याचे सामान वाहण्याची सक्ती, म्हणजे कुली-उतार. जानेवारी १९२१ मध्ये बागेश्वर येथे उत्तरायणीच्या जत्रेत बद्रीदत्त पांडे यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी बेगार न करण्याची शपथ घेतली आणि कुली-उताराच्या वह्या सरयूच्या प्रवाहात सोडल्या. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कुमाऊंची जंगले पेटली. शेकडो आगी नोंदल्या गेल्या आणि दोन लाख एकरांहून अधिक क्षेत्र जळाले. लिसा काढण्यासाठी खाचा पाडलेली झाडे जळून गेली. यांतील बहुतेक आगी मुद्दाम लावलेल्या, असे सरकारी कागद म्हणतात. मुद्दाम कोणती आणि चुकून कोणती, हे ठरवणारे अधिकारीच होते, ही गोष्ट लक्षात ठेवून तो निष्कर्ष वाचावा लागतो. पण एक बाब मला फार बोलकी वाटते. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी दाखवून दिले आहे की, जळाली ती मुख्यतः सरकारने व्यापारासाठी जोपासलेली चीडची जंगले. रुंदपानी वृक्षांच्या विस्तीर्ण जंगलांना लोकांनी हात लावला नाही. बांज म्हणजे गुरांचा चारा, शेताचे खत आणि झऱ्याचे पाणी. डोंगरी माणूस ते जाळीत नाही. ज्याला सरकारने बेभान जाळपोळ मानले, तिच्यामागे इतका विवेक होता.

त्या वेळच्या प्रशासनाने पुढे जे केले, ते मात्र आजही अभ्यासण्यासारखे आहे. कमिशनर पर्सी विंडहॅम यांच्या अध्यक्षतेखाली तक्रार-चौकशी समिती नेमण्यात आली. तिने गावोगाव हिंडून पाच हजारांहून अधिक लोकांचे म्हणणे ऐकले. याच प्रश्नावर गोविंद वल्लभ पंत यांनी १९२२ मध्ये 'द फॉरेस्ट प्रॉब्लेम इन कुमाऊं' ही पुस्तिका प्रसिद्ध केली. कुमाऊंतील पंत घराणी आपले मूळ महाराष्ट्रात सांगतात, हे येथील मराठी माणसाला ठाऊक असतेच. समितीच्या शिफारशींनुसार राखीव जंगलांचे दोन वर्ग झाले. व्यापारी महत्त्व नसलेला पहिला वर्ग महसुली प्रशासनाकडे गेला, दुसरा वनखात्याकडे राहिला. १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम आले. गावाने अर्ज करावा, आपले पंच निवडावेत, चराईचे व गवत कापण्याचे दिवस ठरवावेत, राखणदार नेमावा आणि नियम मोडणाऱ्यास दंड करावा, असे त्यांचे स्वरूप होते. हे शून्यातून आले नव्हते. 'लाठ पंचायत' या नावाने गावे आपापले जंगल आधीपासूनच राखीत होती. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्यावर जाळपोळीचे खटले भरले गेले, त्याच समाजाच्या हाती जंगलाची राखण देण्याचा हा निर्णय होता.

माझ्या गावातील त्या रात्रीची हद्द म्हणजे १९२१ आणि १९३१ यांच्यामधली रेषा होती. एका बाजूचे जंगल गावाने राखायचे, दुसऱ्या बाजूचे सरकारने.

वनपंचायतींची कहाणी सर्वत्र यशाची आहे, असे मी म्हणणार नाही. उत्तराखंडात आज त्यांची संख्या ११,००० हून अधिक आहे, पण अनेक केवळ कागदावर आहेत. १९७६, २००१ आणि २००५ च्या नियमांमधून वनखात्याचा हात क्रमाने जड होत गेला. तरुण माणसे मैदानी शहरांकडे गेली, घरात गॅस आला, गुरे कमी झाली. जंगलाशी रोजचा संबंध तुटला की ते गावाचे असले काय आणि सरकारचे असले काय, पिरूल साचतच राहतो. मग २०१६ प्रमाणे हवाई दलाची हेलिकॉप्टरे तलावांतील पाणी उचलून डोंगरावर ओतताना आपण दूरदर्शनवर पाहतो. १३ जून २०२४ रोजी अल्मोडा जिल्ह्यातील बिनसर अभयारण्यात आग विझवण्यास गेलेल्या चौघांचा जागीच होरपळून मृत्यू झाला. ती बातमी वाचताना मला त्या रात्री हद्दीपलीकडे दिसलेले चार-पाच जण आठवले. गाव खाली उभे राहते तेव्हा त्याची किंमत अशा माणसांना मोजावी लागते.

त्याच अल्मोडा जिल्ह्यात शीतलाखेत आहे. तेथील गावांनी, त्यांत विशेषतः स्त्रियांनी, स्याहीदेवीच्या जंगलाला पुन्हा आपले मानले. लाकडी नांगरासाठी बांज तोडावा लागू नये म्हणून अल्मोड्याच्या विवेकानंद पर्वतीय कृषी संशोधन संस्थेने तयार केलेला लोखंडी नांगर स्वीकारला गेला. शेतातील काटक्या-पालापाचोळा, ज्याला तेथे ओण म्हणतात, तो ३१ मार्चपूर्वीच जाळून संपवायचा असे ठरले, कारण उन्हाळ्यातील बऱ्याच आगी शेतातून जंगलात शिरतात. १ एप्रिल हा दिवस 'ओण दिवस' म्हणून पाळला जाऊ लागला. येथे जाळण्यावर बंदी नाही. केव्हा जाळायचे एवढे गावाने मिळून ठरवले आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या वन-बंदोबस्ताला नेमके हेच सुचले नव्हते.

नोटिसांचा मसुदा मी फाडला, त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत त्या गावी बैठक घेतली. वनखात्याचे अधिकारी आणि वनपंचायतीच्या स्त्रिया एका सतरंजीवर बसल्या. राखीव जंगलाच्या खालच्या पट्ट्यातील गवत गावाने न्यावे आणि त्या पट्ट्यातील पिरूल गावानेच काढावा, एवढेच ठरले. त्या उन्हाळ्यात पुन्हा आग लागली, ती सगळी विझलीही नाही. पण हद्दीच्या वर, गवताचा तो पट्टा जेथे संपतो तेथवर, गावची माणसे गेली. त्यापलीकडे गेली नाहीत. पुढच्या वर्षीचा पट्टा किती रुंद आखायचा, हे मला त्यावरून समजले.