घर्षणाचा हिशेब

इ. स. १७९८ मध्ये काउंट रम्फर्ड यांनी म्युनिकच्या तोफखान्यातील आपला प्रयोग प्रसिद्ध केला. तोफेची नळी कोरताना केवळ घर्षणाने पाणी उकळले होते. पुढे ज्यूल यांनी खर्ची पडलेले कार्य आणि निर्माण झालेली उष्णता यांचे प्रमाण मोजून ठरविले.

घर्षणाचे कार्य म्हणजे घर्षणबल आणि कापलेले अंतर यांचा गुणाकार. बल गतीच्या उलट दिशेने असते, म्हणून त्याचे चिन्ह ऋण. परंतु बल क्षणोक्षणी बदलू लागले, की हा साधा गुणाकार अपुरा पडतो. अशा वेळी आरंभीची व अखेरची ऊर्जा पाहावी. जेवढी घट, तेवढे विरोधाचे कार्य.

या हिशेबाची कसोटी २२ जानेवारी २००७ रोजी लागली. अवकाशात पाठविलेली वस्तू भारताने तोवर कधी परत आणली नव्हती. बंगळूरच्या नियंत्रण केंद्राच्या देखरेखीखाली ५५० किलोग्रॅमची कुपी सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरली. तिची गतिज ऊर्जा सुमारे १,७६० कोटी ज्यूल होती. हवेचा विरोध आणि हवाई छत्र्या यांमुळे बंगालच्या उपसागरात उतरताना वेग सेकंदाला सुमारे १२ मीटर, तर ऊर्जा अवघी ४० हजार ज्यूल उरली. बाकी जवळजवळ सारी उष्णतारूपाने गेली. बहुतांश हवेत, उरलेली कुपीच्या कवचावर.

कुपी सुखरूप हाती आली. उद्या तिच्या जागी माणूस बसेल, तेव्हा त्याचे प्राण याच ऋण चिन्हाच्या अचूक हिशेबावर अवलंबून राहतील.